जुना हातविणीचा गालिचा घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या गालिच्यांबद्दल मला आठवड्याला दोन-चार तरी निरोप येतात. सोबत फोटो असतो, आणि तो हमखास वरच्या बाजूचा असतो. माझं पहिलं उत्तर ठरलेलं आहे: गालिचा उलटा करा आणि पाठीचा फोटो पाठवा. खालच्या बहुतेक उत्तरांची सुरुवात त्या पाठीपासूनच होते. शब्द आधी नक्की करून घेऊ. उभा धागा तो ताणा, आडवा तो बाणा. ताण्यावर मारलेल्या गाठींची वर आलेली टोकं म्हणजे लव, आणि दोन्ही बाजूंना लोंबतात त्या दशा.

१. 'अँटीक' म्हणजे नेमका किती जुना? साठ-सत्तर वर्षांचा गालिचा अँटीक म्हणता येईल का?

नाही. धंद्यात शंभर वर्षांपुढच्याला अँटीक म्हणतात, पन्नास ते शंभरमधल्याला सेमी-अँटीक, आणि त्याखालचा नुसता जुना किंवा वापरलेला. आपला कायदाही शंभरच वर्षं धरतो (प्रश्न १६ पाहा).

पण घरात अंथरायला घेणार असाल तर साठ ते नव्वद वर्षांचा गालिचा मनात किंतू न ठेवता घ्या. त्याची लोकर अजून जिवंत असते, रंग निवलेले असतात, आणि 'अँटीक' या शब्दाची वेगळी किंमत मोजावी लागत नाही.

२. हाताने विणलेला आहे की यंत्रावरचा, हे दुकानात उभ्या उभ्या कसं ओळखायचं?

उलटा करा. हातगाठीच्या गालिच्याची नक्षी पाठीवरही पुढच्याइतकीच स्पष्ट दिसते, फक्त लव नसते. मग गालिचा मधोमध वाकवून लव फाकवा. तळाशी प्रत्येक झुबक्याची गाठ ताण्याला वेढा घालून बसलेली दिसली पाहिजे. यंत्रावरच्या गालिच्यात असा वेढा सहसा दिसत नाही.

दशाही पाहा. हातविणीत दशा म्हणजे ताण्याचीच टोकं, गालिच्याच्या अंगातून निघालेली. वरून शिवलेली झालर दिसली तर संशय घ्या, पण तेवढ्यावरून निकाल देऊ नका. खऱ्या जुन्या गालिच्याच्याही दशा झिजतात आणि कुणीतरी नवी झालर शिवून देतं.

सगळ्यात जास्त फसवणूक टफ्टेड, म्हणजे गाठी न मारता कापडात लोकर टोचून केलेल्या, गालिच्यात होते. त्याच्या पाठीवर कापड चिकटवलेलं असतं आणि आत रबरी डिंक असतो. विक्रेता 'हँडमेड' म्हणतो ते शब्दशः खोटं नसतं, कारण बंदुकीसारखं हत्यार हातातच धरलेलं असतं. पण त्यात गाठ एकही नसते. काही वर्षांत डिंकाची भुकटी होऊन फरशीवर पडायला लागते. पाठीला कापड लावलेलं असेल तर त्याचा एक कोपरा उसवून दाखवायला सांगा. विक्रेता नाही म्हणाला तर तो गालिचा तिथेच सोडा.

३. इंचाला जितक्या गाठी जास्त तितका गालिचा चांगला, बरोबर?

हा समज इतका पक्का बसलाय की लोक भिंग घेऊनच दुकानात जातात. मोजायचं कसं ते सांगते: पाठीवर एक इंच आडवा आणि एक इंच उभा मोजा, दोन्हींतल्या गाठींचा गुणाकार करा. काश्मिरी गालिचा १८ बाय १८ चा असेल तर चौरस इंचाला ३२४ गाठी. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातला १५३९-४० सालचा अर्दबिल गालिचा साधारण ३४० गाठींचा आहे. उलट वायव्य इराणमधल्या हेरीझच्या गालिच्यांत गाठी याच्या पावपटही नसतात, तरी ते पिढ्यान् पिढ्या टिकतात आणि जाणकार ते शोधत फिरतात.

नक्षी वळणदार असेल, बारीक वेलबुट्टी असेल, तर गाठी दाट लागतातच. कोनाकोनाची, मोठ्या आकारांची नक्षी असेल तर दाट गाठींचा उपयोग नसतो. त्यामुळे गाठी नक्षीला पुरेशा आहेत का, एवढंच बघा. त्यापेक्षा महत्त्वाची आहे लोकर (प्रश्न ४).

गाठींत एक लबाडीही असते. गाठ दोन ताण्यांवर मारायची असते, ती चार ताण्यांवर मारली की काम निम्म्यात होतं आणि लव विरळ पडते. तिला जुफ्ती गाठ म्हणतात. वरून गालिचा छान दिसतो, पण पावलाखाली पोकळ लागतो आणि लवकर झिजतो.

४. लोकर चांगली आहे हे हाताला कसं कळतं?

डोळे मिटून तळहात लवीवरून एकदा सुलट, एकदा उलट फिरवा. चांगल्या लोकरीत किंचित स्निग्धपणा असतो, हात घसरतो, आणि जुन्या गालिच्यात तर वर्षानुवर्षांच्या वापराने रेशमासारखी चमक आलेली असते. नखाने जोरात खरवडून पाहा. चुरा हातात आला तर ती मेलेल्या मेंढीच्या कातड्यावरून चुन्याने सोडवलेली लोकर असू शकते. तिच्यातलं तेल गेलेलं असतं, ती कोरडी आणि ठिसूळ राहते.

'सिल्क' म्हणून जे दाखवतात त्यातलं पुष्कळसं व्हिस्कोस, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून केलेलं कृत्रिम रेशीम असतं. दशीचा एक धागा मागून घ्या आणि जाळा. रेशीम आणि लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख चिमटीत चुरते. व्हिस्कोस कागदासारखं जळतं. नायलॉन वितळून त्याचा कडक मणी होतो. मात्र दशा बहुधा सुती असतात, म्हणून जमलं तर लवीचा धागा मागा.

५. रंग नैसर्गिक आहेत की रासायनिक? त्याने खरंच इतका फरक पडतो का?

पडतो, पण 'रासायनिक म्हणजे वाईट' इतकं ते सोपं नाही.

१८५६ मध्ये विल्यम पर्किनने पहिला कृत्रिम रंग काढला, जांभळा. त्यानंतरच्या दहा-वीस वर्षांत असे स्वस्त, भडक रंग पूर्वेकडच्या मागांपर्यंत पोचले. त्यातले सुरुवातीचे गुलाबी-जांभळे उन्हात टिकले नाहीत. लव फाकवून पाहा: टोक राखाडी आणि तळ झगझगीत गुलाबी दिसला तर तो त्या पिढीतला रंग. विसाव्या शतकात आलेले क्रोम रंग (क्रोमियमच्या क्षाराने लोकरीवर पक्के बसवलेले रासायनिक रंग) मात्र टिकतात. ते थोडे एकसुरी वाटतात, इतकंच.

कृत्रिम रंगांच्या आधीची लाली मंजिष्ठेची, निळा नीळीचा, पिवळा डाळिंबाच्या सालीसारख्या गोष्टींचा, तपकिरी अक्रोडाच्या सालीचा. हे रंग फिके होतात तेव्हाही आपल्याच जातीत फिके होतात, लालाचा कधी राखाडी होत नाही. निळ्यावरून मात्र काही ठरवू नका. १८९७ पासून कृत्रिम नीळ बाजारात आहे आणि तिचा रेणू झाडाच्या निळीचाच आहे, डोळ्यांना फरक कळत नाही.

मला सगळ्यात आवडणारी खूण काळ्या रंगाची आहे. जुना काळा-तपकिरी रंग लोखंडाचा क्षार घालून करत, आणि ते लोखंड लोकर हळूहळू खातं. त्यामुळे जुन्या गालिच्यात फुलांच्या काळ्या रेघा खोल गेलेल्या असतात आणि लाल-निळी फुलं वर उठून राहतात. बोट फिरवलं की लाकडी कोरीवकामावरून फिरवल्यासारखं वाटतं. ही झीज एका रात्रीत आणता येत नाही. आणायचा प्रयत्न होतो, पण तेव्हा कात्रीने सरळ कापल्याच्या कडा लागतात.

६. गालिच्याचा वरचा भाग गडद निळा आणि खालचा फिका आहे. दुरुस्ती लपवलीय का?

बहुधा नाही. याला अब्रश म्हणतात. लोकर थोडी थोडी रंगवायची, एक घाणा संपला की दुसरा, आणि दोन घाण्यांत फरक पडायचाच. तो पट्टा बाण्याच्या दिशेने आडवा, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत जातो. मधेच थांबणारा, चारी बाजूंनी मर्यादित ठिगळासारखा रंगफरक असेल तर ती दुरुस्ती किंवा धुतलेला डाग. हल्ली नव्या गालिच्यांतही मुद्दाम अब्रश विणतात, म्हणून हा वयाचा पुरावा धरू नका.

७. विक्रेता 'शंभर वर्षांचा' म्हणतो. कसं तपासू?

सुरुवातीच्या काळात मी एका दुकानात एक सुंदर विटकरी गालिचा जवळजवळ पक्का केला होता. निघता निघता पाण्याच्या बाटलीतून रुमाल ओला केला आणि कोपऱ्यावर दाबून ठेवला. रुमालावर विटकरी ठसा उठला. झिजलेल्या जागांवर रंग भरलेला होता. तेव्हापासून पांढरा सुती रुमाल माझ्या पर्समध्ये असतोच, आणि तुम्हीही एक ठेवा. ओला रुमाल अर्धा मिनिट दाबून ठेवायचा, घासायचा नाही.

नव्याला जुना करण्याचे मार्ग ठरलेले आहेत: चहाच्या पाण्यात बुडवणं, क्लोरीनने धुणं, उन्हात टाकणं, लव खरवडणं. चहात बुडवलेल्या गालिच्यात ताण्याचा सुती धागा अगदी गाठीच्या आतपर्यंत एकसारखा तपकिरी असतो. खऱ्या जुन्यात मळ वरवर असतो, आत धागा बराच उजळ निघतो. खरी झीज चालण्याच्या वाटेवर जास्त आणि पलंगाखाली गेलेल्या कोपऱ्यात जवळजवळ नसते. सगळीकडे सारखीच झिजलेली लव कुणाच्या पायांनी झिजलेली नसते. आणि पाठ: जुन्या गालिच्याच्या पाठीवरच्या गाठी फरशीवर घासून चपट्या, गुळगुळीत झालेल्या असतात. नव्याच्या पाठीवर बारीक केस उभे असतात.

८. आमच्या गालिच्यावर साल विणलेलं आहे, १२२२. म्हणजे आठशे वर्षांचा?

आकडा हिजरी सनाचा आहे. १२२२ हिजरी म्हणजे १८०७-०८. हिजरी वर्ष चांद्र असल्याने नुसते ६२२ मिळवून चालत नाही, आधी साधारण तीन टक्के वजा करावे लागतात.

पण अजून आनंद मानू नका. फारसी अंकांत तीन आणि दोन यांत एका दात्याचा फरक असतो. चार-सहा गाठी उसवून रंग बदलला की १३२२ चा १२२२ होतो आणि गालिचा जवळजवळ शतकाने म्हातारा होतो. त्या आकड्याची पाठ बघा. तिथल्या गाठी आजूबाजूपेक्षा सैल किंवा नव्या वाटल्या तर समजून जा.

अजून एक अपवाद. इराणने १९२५ मध्ये सौर वर्ष स्वीकारलं. त्यामुळे १३१७ हा आकडा जुन्या पद्धतीने १८९९-१९०० ठरतो आणि नव्या पद्धतीने १९३८-३९. कोणता धरायचा हे रंग आणि लोकरच सांगतात (प्रश्न ४ आणि ५).

९. पुण्या-मुंबईकडे कोणते जुने गालिचे सापडतात? येरवड्याच्या गालिच्यांबद्दल ऐकलंय, ते खरं का?

खरं आहे, आणि हा प्रश्न कुणी विचारला की मला मनापासून आनंद होतो, कारण आपल्या दारातला हा वारसा आपण विसरलोय.

हिंदुस्थानात गालिच्याच्या मागांना राजाश्रय दिला अकबराने. आग्रा, फत्तेपूर आणि लाहोरच्या कारखान्यांची नोंद 'आईन-ए-अकबरी'त आहे. दख्खनमध्येही वरंगळ, एलुरूकडे गालिचे होत. त्यातले काही जपानला गेले आणि क्योटोच्या गिऑन उत्सवाच्या रथांवर दख्खनी गालिचे शतकानुशतकं जपले गेलेत. लंडनच्या १८५१ च्या महाप्रदर्शनानंतर युरोपातून मागणी वाढली आणि इंग्रज सरकारने तुरुंगांत माग बसवले. विंडसर किल्ल्याच्या वॉटर्लू दालनात अंथरलेला सुमारे दोन टन वजनाचा गालिचा आग्र्याच्या कैद्यांनी व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवासाठी विणलेला आहे.

येरवड्याचं वेगळेपण म्हणजे तिथे विजापूरच्या असर महालातल्या जुन्या गालिच्यांवरून नकला विणल्या गेल्या. म्हणजे आदिलशाही राजधानीतली नक्षी पुण्यात पुन्हा मागावर चढली. माझ्याकडे आजेसासऱ्यांनी घेतलेला एक येरवड्याचा म्हणून आलेला गालिचा आहे. लाल जमीन, गडद निळी किनार, सुती ताणा, आणि वजन इतकं की गुंडाळायला दोघं लागतात. एका काठाला रुंदी दीड इंच कमी आहे. मागावर बसलेला माणूस तिथे बदलला असावा असं मला नेहमी वाटतं.

याशिवाय आपल्याकडे जास्त दिसतात ते अमृतसरचे, काश्मीरचे आणि मिर्झापूर-भदोहीचे. १८७०-७१ च्या फ्रान्स-प्रशिया युद्धानंतर काश्मिरी शालींचा युरोपातला बाजार बसला आणि अमृतसरचे शाल विणकर गालिच्यांकडे वळले. काश्मिरी माग आजही 'तालीम' वाचून चालतो. विणकरासमोर चित्र नसतं, कोणत्या रंगाच्या किती गाठी एवढं सांगणाऱ्या खुणांची पट्टी असते. इराणी गालिचे येतात ते बहुतेक जुन्या पारशी, बोहरी आणि संस्थानी घरांतून. मुंबईत चोर बाजारातली मटण स्ट्रीट फिरण्यासारखी आहे, पण ओला रुमाल न विसरता.

१०. कैद्यांकडून करवून घेतलेली वस्तू घरात अंथरणं मनाला पटत नाही. काय करावं?

पटत नसेल तर घेऊ नका, हा आक्षेप मी कधीच उडवून लावत नाही. तो नवाही नाही. बेळगावात जन्मलेल्या, मुंबईत बरीच वर्षं काढलेल्या आणि हिंदुस्थानी कलांवर लिहिणाऱ्या जॉर्ज बर्डवुड या इंग्रजाने एकोणिसाव्या शतकातच तुरुंगी गालिच्यांवर कडक टीका केली होती. त्याचं म्हणणं, फुकटच्या श्रमामुळे खरे विणकर बाजारातून उठतात. ते बरोबरच होतं.

मी ठेवलाय, कारण तो विणणाऱ्याचं नाव कुठेच उरलेलं नाही, हात मात्र त्या गालिच्यात उरलाय. तो अडगळीत कुजू द्यायला माझं मन घेत नाही. विकताना किंवा पुढे देताना तो कुठे आणि कुणी विणला हे मात्र स्पष्ट सांगावं.

११. दिवाणखाना १० बाय १२ चा आहे. केवढा गालिचा घेऊ?

जुने गालिचे ठरावीक मापांत मिळत नाहीत, म्हणून माप घेऊन गालिचा शोधण्यापेक्षा गालिचा आवडला की माप घरी आणा. रद्दीचे कागद चिकटवून तेवढा आकार फरशीवर पसरा आणि दोन दिवस त्याच्याभोवती वावरा. भिंतीपासून फूट-दीड फूट फरशी मोकळी राहिली की खोली मोठी वाटते. तुमच्या खोलीला ६ बाय ९ पुष्कळ झाला. लोड-तक्क्यांची बैठक असेल तर ५ बाय ७ सुद्धा भरपूर होतो. जेवणाच्या टेबलाखाली जुना गालिचा घालू नका. खुर्च्या ओढून ओढून लव जाते आणि अन्नाचे कण आत राहतात.

१२. आमच्याकडे रोज फरशी पुसतात आणि पावसाळ्यात भिंतींना ओल येते. गालिचा टिकेल का?

चपला दाराबाहेर काढायच्या आपल्या सवयीने निम्मं काम झालेलं असतं. उरलेल्या निम्म्यात सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे ओलं फडकं. कामाला येणाऱ्या मावशी गालिच्याच्या कडेकडेने पुसत जातात, फिनाइलचं पाणी दशांत मुरतं आणि वर्षा-दोन वर्षांत काठ कुजायला लागतो. त्यांना एकदा शांतपणे दाखवून सांगा: कडा दुमडायची, पुसायचं, फरशी वाळली की उलगडायची. खाली रबराऐवजी नमद्यासारखं दाबलेल्या लोकरीचं अस्तर घाला.

व्हॅक्युमचा फिरता ब्रश बंद ठेवा आणि लवीच्या दिशेने चालवा. गच्चीच्या कठड्यावर टाकून बडवायची जुनी पद्धत सोडा, म्हाताऱ्या ताण्याला ते सोसत नाही. दोन-तीन महिन्यांनी गालिचा उलट टोकाने फिरवा, म्हणजे ऊन आणि पावलं वाटली जातात.

कोकणात किंवा मुंबईत समुद्राजवळ राहत असाल तर जून ते सप्टेंबर गालिचा उचललेला बरा. घडी घालायची नाही. लव झुकते त्या दिशेने जाड पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळा, वरून मांजरपाटाचं किंवा मलमलीचं कापड. प्लॅस्टिक नको, आत घाम धरतो. कसर लागते ती अंधारात, सोफ्याखाली, जिथे महिनोन् महिने कुणी हात घालत नाही. बारीक पांढरी जाळी आणि वाळूसारखे कण दिसले की लगेच दोन्ही बाजूंनी व्हॅक्युम करा. छोटा गालिचा पिशवीत घट्ट बंद करून उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवला तर अळ्या मरतात. नुसत्या कडुनिंबाच्या पाल्यावर विसंबू नका.

१३. हळद सांडली. आता?

साबण लावू नका! साबणाने हळद लाल होते आणि पसरते. सुकी असेल तर आधी व्हॅक्युमने ओढून घ्या. ओली असेल तर पांढऱ्या सुती कापडाने टिपा, मग थंड पाण्यात भिजवून पिळलेल्या कापडाने टिपा, पुन्हा पुन्हा. पूर्ण जाईल असं वचन देता येत नाही, कारण हळद हा लोकरीचा रंगच आहे. ब्लीच तर कधीच नाही, ते लोकर विरघळवतं. समईचं तेल सांडलं तर त्यावर टाल्कम पावडर किंवा मैदा रात्रभर टाकून सकाळी ओढून घ्या. गौरी-गणपतीत गालिचा दुसऱ्या खोलीत हलवणं हे मी आता सणाच्या तयारीतच धरते.

१४. झिजलेला, भोकं पडलेला गालिचा स्वस्तात मिळतोय. घेऊ का?

झीज चालेल, कूज चालणार नाही. एक कोपरा कानाजवळ धरून हलकेच दुमडा. तडतड आवाज आला तर ताणा कुजलेला आहे, तो गालिचा धुण्यातही टिकणार नाही. ताणा शाबूत असेल तर छोटी भोकं चांगला रफूगर पुन्हा गाठी मारून भरतो. चारही बाजूंच्या किनारी मोजायला विसरू नका. एका बाजूची किनार गायब असेल तर मोठा गालिचा कापून लहान केलेला असतो. तोही वापरायला हरकत नाही, फक्त किंमत तशी असावी.

१५. आजोबांच्या वेळची जाड सतरंजी आहे, लव नाही. तिला गालिचा म्हणायचं का?

लव नाही म्हणजे गाठी नाहीत, ती सपाट विणीची दरी किंवा सतरंजी. कमी प्रतीची मात्र नव्हे. तुरुंगांत अशा सुती दऱ्याही विणल्या जात आणि आज जगभर त्यांना संग्राहक आहेत. दोन्ही बाजूंनी वापरता येते, उन्हाळ्यात पायाला गार लागते. रंग पक्के आहेत का ते प्रश्न ७ मधल्या रुमालाने बघा आणि मगच धुवायचा विचार करा. आमच्याकडे दोघीतिघींनी अशा सतरंज्या वॉशिंग मशीनमध्ये घालून निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं एकच आकाशी करून टाकलं.

१६. मुलगी न्यू जर्सीत आहे. घरचा जुना गालिचा तिला पाठवता येईल का?

तो शंभर वर्षांहून जुना असेल तर नाही. पुरावस्तू आणि कलानिधी कायदा, १९७२ प्रमाणे शंभर वर्षांपुढची पुरावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही, मग ती घरचीच का असेना. शंभरच्या आतली पण जुनी दिसणारी वस्तू असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून 'पुरावस्तू नाही' असं प्रमाणपत्र घ्या. ते नसेल तर विमानतळावर अडवतील.

इराणी गालिच्याची आणखी एक अडचण आहे. अमेरिकेने ऑगस्ट २०१८ मध्ये इराणी मालावरची बंदी पुन्हा लावली, त्यात गालिचेही आले. सामान बांधण्याआधी तिथल्या कस्टम्स ब्रोकरकडून लेखी उत्तर मागवा.

१७. किंमत योग्य आहे हे कसं ठरवू?

फोटोवरून मी किंमत सांगत नाही, कृपया आग्रह करू नका. दोन गोष्टी मात्र विक्रेत्याकडे जरूर मागा. एक, गालिचा तीन दिवस घरी नेऊ द्या. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली सगळेच लाल सुंदर दिसतात, तुमच्या खिडकीच्या उजेडात सकाळी दहाला कसा दिसतो ते बघायचं असतं. दोन, बिलावर कुठला, अंदाजे किती जुना, लव कशाची आणि कुठे कुठे दुरुस्ती झालीय हे लिहून द्या. तोंडी 'शंभर वर्षांचा' म्हणणारे पुष्कळजण बिलावर लिहिताना 'जुना' एवढंच लिहितात. पैसेही तेवढ्याच शब्दाचे द्या.